कब्जेवहिवाटीची बुलेट

महसूल खात्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला कोणत्याही मालमत्तेकडे सरळ दृष्टीने पाहता येत नाही. शेत दाखवले की त्याच्या मनात प्रथम सातबारा उभा राहतो. बांध कोठे आहे यापेक्षा तो मोजणीच्या नकाशात कोठे असावयास हवा होता, याचीच त्याला अधिक विवंचना. आणि नाव एकाचे, वहिवाट दुसऱ्याची, पीक तिसऱ्याचे आणि बोजा चौथ्याचा, अशी प्रकरणे त्याच्या टेबलावरून इतकी गेलेली असतात, की एखाद्या वस्तूचा कागद आणि ती वस्तू तंतोतंत जुळलेली आढळली, तर त्याने आनंदित होण्याऐवजी साशंक व्हावे. निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर ही खोड आपोआप जाईल अशी माझी समजूत होती. ती गेली नाही, आणि गेली नाही हे बरे झाले. कारण २०२५ च्या आरंभी मी जी जुनी मोटारसायकल खरेदी केली, तिच्याइतके गुंतागुंतीचे प्रकरण मला स्थावरांतही क्वचितच भेटले होते, आणि ही तर जंगम वस्तू.

गाडी १९९५ सालची एनफील्ड बुलेट. ओतीव लोखंडाच्या सिलिंडरची, ३४६ घनसेंटिमीटरची, उजव्या पायाने गिअर आणि डाव्या पायाने ब्रेक असलेली. निदान कागदावर ती तशी होती. प्रत्यक्षात कोण्या कलावंत मिस्त्रीने तिचे रूपांतर अमेरिकन धाटणीच्या क्रूझरमध्ये केले होते, आणि ते इतक्या उत्साहाने, की तिला जन्म देणाऱ्या मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातील कामगारानेही तिला ओळख दिली नसती.

तिच्या नंबरप्लेटवरील ‘एमएच ३०’ या अक्षरांनी माझे लक्ष प्रथम वेधले. आमच्या वाशिमची मालिका एमएच ३७. तीस क्रमांक अकोल्याचा. गाडीची नोंद झाली तेव्हा वाशिम जिल्हाच अस्तित्वात नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी झाला, तेव्हा मी अव्वल कारकून होतो, आणि अकोल्याच्या दप्तरातून आमच्या तालुक्यांचे रुमाल वेगळे काढण्याच्या कामात माझाही हात होता. धुळीने माखलेले ते लाल कापडातील गठ्ठे सोडताना वडिलधाऱ्या मंडळींकडून असे कळे, की हा जिल्हा नवीन नव्हेच. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडचे सहा जिल्हे होते, त्यांत एक बाशिमचा होता, १९०५ साली तो मोडून वाशिम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे आणि पुसद यवतमाळकडे गेला. म्हणजे ज्या जिल्ह्याचे सुटे भाग एकदा इकडे-तिकडे वाटले गेले आणि त्र्याण्णव वर्षांनी त्यांतील बरेचसे पुन्हा जोडले गेले, त्या जिल्ह्यातील रहिवाशाने मोडून-जोडून केलेल्या गाडीकडे तुच्छतेने पाहू नये, असे मी मनाशी ठरवले होते.

या वयात क्रूझर कशासाठी, हा प्रश्न घरात विचारला गेला आणि बाहेरही विचारला गेला. त्याचे वैद्यकीय उत्तर असे, की पुढे वाकून बसावे लागणाऱ्या गाडीवर माझी कंबर तक्रार करते, आणि क्रूझरवर आसन ठेंगणे, हँडल उंच व मागे वळलेले, पाय पुढे मोकळे, अशी बैठक असते. दुसरे उत्तर मी कोणास दिले नाही. २००१ साली बजाजने कावासाकीच्या सहकार्याने ‘एलिमिनेटर’ नावाची गाडी बाजारात आणली, आणि तिच्यापैकी एक वाशिमच्या पाटणी चौकात उभी असलेली पाहताना मी हातातल्या पिशवीसह बराच वेळ तेथे थांबलो होतो. पुढच्याच वर्षी एनफील्डची ‘थंडरबर्ड’ आली, २००५ साली बजाजची ‘अ‍ॅव्हेंजर’ आली, आणखी काही वर्षांनी खुद्द हार्ले-डेव्हिडसनने भारतात दुकान मांडले, आणि २०२० मध्ये ते आवरून हीरो कंपनीशी करार केला. एवढा सर्व इतिहास माझ्या डोळ्यांसमोर घडला आणि मी मात्र मुलांची शिक्षणे, घराचे कर्ज आणि कार्यालयाची जीप यांच्या मर्यादेत राहिलो.

अशा गाड्यांची परंपरा मुळात कापाकापीची आहे. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी आपल्या अवजड गाड्यांची मडगार्डे आणि अनावश्यक लोखंड छाटून त्या हलक्या केल्या. पुढे त्या छाटणीचेच शास्त्र झाले, पुढचे पाइप लांबले, हँडले खांद्यापर्यंत चढली, आणि १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने ती ठेवण जगभर पोहोचवली. त्या चित्रपटातील गाड्या पोलिसांच्या वापरातून निघालेल्या जुन्या हार्ले होत्या, आणि त्या घडवल्या क्लिफ व्हॉस आणि बेन हार्डी या कृष्णवर्णीय कारागिरांनी. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र दोघांचीही नावे नाहीत. वहिवाट त्यांची आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, हा प्रकार केवळ वऱ्हाडातच चालतो असे नाही. आपल्याकडे मुंबईत अक्षय वर्दे यांनी ‘वर्देंची’ या नावाने अशा घडवलेल्या गाड्यांचा व्यवसाय उभा केला, आणि त्यांच्या अनुकरणाने महाराष्ट्रभर लहानमोठ्या गल्ल्यांतून वेल्डिंगच्या ठिणग्या उडू लागल्या. ही गाडी अशाच एका, पुण्याच्या, गल्लीत घडली होती.

ती मी पाहिली मालेगावला. हे आमचे मालेगाव जहांगीर. नाशिककडच्या मालेगावशी त्याचा गोंधळ करण्याची सवय पुण्यामुंबईच्या लोकांना आहे, म्हणून सांगतो. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याने विषय काढला आणि दुसऱ्याच आठवड्यात मी अकोला रस्त्याला लागलेल्या बसमधून मालेगावच्या स्थानकावर उतरलो. गाडी घराच्या पडवीत, तुरीच्या पोत्यांना टेकून उभी होती. पुढचे पाइप मूळच्यापेक्षा वीतभर लांब; हँडल एवढे उंच, की धरणाऱ्याने शरणागती पत्करली आहे असा पाहणाऱ्याचा समज व्हावा; पेट्रोलची टाकी पत्रा ठोकून निमुळती केलेली आणि तिच्यावर मरून रंगात एक पक्षी चितारलेला. तो गरुड असल्याचे मला सांगण्यात आले. मागे जीपला शोभेल असा रुंद टायर, मडगार्ड नावाला, आणि आसन एकट्यापुरते, चामड्याचे, टाके घातलेले. सायलेन्सर इंदोरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचा, म्हणजे आत काही नसलेला.

विकणारा तरुण तिशीच्या आतला, पुण्यातील नोकरी सोडून शेतीकडे परतलेला. ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी त्याला पैसा हवा होता. बोलायला मोकळा आणि गाडीविषयी अभिमानी.

“काकाजी, दीड लाख गेले बनवाले. इकायची हाये, पन किंमत समजनाऱ्यालेच.”

“गाडी कोणाच्या नावावर आहे?”

“बाबाच्या.”

“आणि ते?”

“थे २०२२ ले गेले.”

येथे माझ्यातला कारकून पुरता जागा झाला. मी नोंदणीचे कार्ड मागितले आणि पडवीतल्या खाटेवर बसून, चष्मा पुसून, ते वाचू लागलो. मालक: दिवंगत. रंग: काळा. आसनक्षमता: दोन. नोंदणीची पहिली पंधरा वर्षे २०१० मध्ये संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी वडिलांनी रीतसर नूतनीकरण केलेले, शेवटचे २०२० चे. म्हणजे चालू मुदत त्याच वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबरात, संपणार. वडील कापूस खरेदीच्या केंद्रावर ग्रेडर होते. बोंडाची प्रत ठरवण्यात हयात गेलेल्या त्या गृहस्थाने आपल्या गाडीचा एकही कागद चुकवलेला नव्हता. चुकवले ते पुढच्या पिढीने. वारसनोंद झालेली नव्हती. मालक मृत झाल्यास वारसाने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे, तसे कळवल्यास तीन महिने गाडी वापरता येते आणि त्या मुदतीत ती आपल्या नावे करून घेण्यासाठी फॉर्म ३१ भरावा, असा नियम आहे. येथे तीन महिने केव्हाच उलटले होते, आणि त्या अवधीत गाडीने आपले रूपही बदलले होते.

“कागदाप्रमाणे ही गाडी काळी आहे, दोघांची आहे आणि तुझ्या वडिलांची आहे,” मी म्हणालो. “समोर उभी आहे ती लाल, एकट्याची आणि तुझी.”

“काकाजी, तुमी गाडी घेऊन रायले का पंचनामा करून रायले?”

प्रश्न रास्त होता. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ त्याहून स्पष्ट आहे: नोंदणीपत्रात दिलेला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हेच तत्त्व ठामपणे उचलून धरले. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. रंगासारखी बाब कळवून नोंदवून घेता येते. सांगाड्याला कापणे ही मात्र वेगळी गोष्ट. म्हणून मी पिशवीतून भिंग, पांढरा कागद आणि पेन्सिल काढली. हे साहित्य मी वाशिमहून मुद्दाम नेले होते.

सांगाड्याच्या मानेवर, हँडलच्या खाली, चासीचा क्रमांक असतो. त्यावर कागद दाबून आडवी पेन्सिल फिरवली की आकडे उमटतात; परिवहन कार्यालयातही अशीच छाप लागते. आकडे ठळक उमटले. कोठे घासलेले नव्हते, कोठे पुन्हा ठोकलेले नव्हते, आणि कार्डाशी एकेक अंक जुळला. त्यानंतर मी पडवीच्या फरशीवर आडवा होऊन सांगाड्याच्या नळ्या भिंगाने पाहिल्या. मला भीती होती ती मानेजवळच्या वेल्डिंगची; पुढचा कोन पसरवण्यासाठी पुष्कळ कारागीर तेथेच कापतात आणि तो सांधा एखाद्या खड्ड्यात माणसाला दगा देतो. परंतु पुण्याचा तो अनामिक मिस्त्री शहाणा निघाला. त्याने मूळ सांगाड्याला गॅसची ज्योत लावलीच नव्हती. लांब पाइप नव्या टी-पट्ट्यांत बसवले होते, टाकी नटबोल्टांवर होती, पायदाने पुढे नेली ती मधल्या सळईने, आणि आसनही खिळवलेले होते, जोडलेले नव्हे. जे बदलले ते सगळे उकलता येण्यासारखे होते. ज्याला आमच्या खात्यात अतिक्रमण म्हणतात, ते येथे कुंपण होते, भिंत नव्हती.

“मूळचे सामान कोठे आहे?” मी विचारले.

तरुण घुटमळला. उत्तर आतून, स्वयंपाकघराच्या दारातून, त्याच्या आईने दिले: “कोठीत हाये सगळं. हा इकाले निघाला होता भंगारात. म्या ठेवलं.”

कोठीत, रिकाम्या युरियाच्या पोत्यांखाली, वडिलांची बुलेट सुट्या स्वरूपात निजली होती: काळी टाकी, दोन्ही मडगार्डे, दोघांचे आसन, मूळचा सायलेन्सर, पुढचे पाइप, मागचे चाक, आणि एका चहाच्या डब्यात नट, वायसर व कोटर पिना, कागदाच्या पुड्यांत बांधून, पुडीवर पेन्सिलीने नाव लिहून. ते अक्षर वडिलांचे नव्हते. ते आईचे होते. मिस्त्रीने सोडवले ते तिने बांधून ठेवले होते. एवढी व्यवस्थित मुद्देमालाची यादी मी तहसिलीतही फार थोड्यांची पाहिली आहे, आणि खरे सांगावयाचे तर गाडी घेण्याचा माझा निश्चय तेथे, त्या डब्यापुढे, झाला.

मग ती सुरू करून पाहण्याचा प्रसंग. या जुन्या बुलेटला नव्या गाड्यांप्रमाणे बेपर्वाईने किक मारता येत नाही. किक हलकेच दाबत आणावी. दिव्याच्या टोपणातील अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आला, की पिस्टन वर आहे असे समजावे. मग डिकंप्रेसरची कळ ओढून किंचित पुढे सरकवावा, कळ सोडावी, आणि मग पूर्ण वजनाने एक लाथ द्यावी. हा विधी न पाळणाऱ्याच्या घोट्याला ती किक उलट येऊन उत्तर देते. मी तो तरुणपणी, बांधकाम खात्यातील एका ओव्हरसियर मित्राच्या गाडीवर शिकलो होतो, आणि पाय ते विसरले नव्हते. गाडी उठली. इंदोरी सायलेन्सरने पडवीतील चिमण्या उडाल्या, शेजारची म्हैस दावणीला हिसके देऊ लागली आणि समोरच्या घरातून एक म्हातारबुवा बाहेर येऊन आमच्याकडे पाहत राहिले. मी तेलटाकीचे झाकण उघडून तेल परत फिरते की नाही ते पाहिले, फिरत होते. टॅपेटचा आवाज होता, पण इंजिनाच्या पोटातून ठोका नव्हता.

मालेगावहून मेडशीपर्यंत आणि तेथून पातूरकडील घाटाच्या तोंडापर्यंत मी ती चालवली. मागे आसन नसल्यामुळे विकणारा आपल्या मित्राच्या गाडीवर मागून येत होता. सरळ रस्त्यावर ती राजासारखी चालली. पुढचे चाक लांब गेले, की चाक जमिनीला टेकते तो बिंदू आणि हँडलचा आस जेथे जमिनीस भेटला असता तो बिंदू यांतील अंतर वाढते, आणि त्या अंतरामुळे गाडी आपली दिशा हट्टाने धरून ठेवते. परंतु तोच हट्ट वळणावर आडवा येतो. घाटाच्या पहिल्या वळणाशी वेग कमी करताच ते लांब पुढचे धूड स्वतःच्या वजनाने आतल्या बाजूला कोसळू लागले. मला दोन्ही दंड ताणून ते सावरावे लागले आणि समोरून सोयाबीनने भरलेला ट्रक येत होता. मी बाजूला थांबलो, गाडी माघारी वळवण्यासाठी रस्त्याची सगळी रुंदी वापरली, आणि कायद्याने नव्हे तर या वळणाने त्या लांब पाइपांचा निकाल लावला. हे अमेरिकेतील सरळ, मैलोगणती न वळणाऱ्या रस्त्यांसाठी जन्मलेले रूप. मेडशीच्या घाटाने त्याला वारसा दिलेला नाही.

किमतीची घासाघीस परतल्यावर, चहासमवेत झाली. त्याची मागणी एक लाख तीस हजारांची. मी कागदावर फेरबदलांची मोजदाद केली: पाइप, टाकी, सायलेन्सर, मागचे चाक, आसन, मडगार्ड, एकूण सहा. प्रत्येकी ५००० दंड धरल्यास ३०,०००, आणि हा दंड उद्या मालक म्हणून माझ्यावर बसावयाचा, म्हणून तो किमतीतून वजा होणे न्याय्य. हा युक्तिवाद त्याला नवीन होता आणि त्यात काय चूक आहे हे त्याला पटकन सांगता येईना. पुढचे पाच हजार मी वारसनोंदीच्या खर्चापोटी उतरवले. पंचाण्णव हजारांवर, मूळच्या सर्व सामानासह, सौदा ठरला. पाच हजारांचा इसार दिला, साध्या कागदावर इसारपावती केली, तिच्यात सामानाची यादी जोडली आणि साक्षीला समोरचे म्हातारबुवा बोलावले. आईने चहाचा डबा माझ्या हाती देताना एक गोष्ट वगळली: वडिलांचा पान्यांचा चामडी बटवा. तो यादीत नव्हता, आणि मी मागितलाही नाही.

कागदांचे काम मला अवघड गेले नाही. माझ्या ओळखीतील कित्येकांना याचेच आश्चर्य वाटले. आधी फॉर्म ३१ वर मुलाच्या नावे वारसहस्तांतरण. त्यास आई व विवाहित बहीण यांचे संमतीचे प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला. त्यानंतर विक्रीचे फॉर्म २९ व ३०; अकोल्याचे ना-हरकत प्रमाणपत्र फॉर्म २८ वर. हल्ली हे सारे संगणकावर चालते, पण मला मात्र अकोल्याच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात उभे राहिल्यावर १९९८ चे ते लाल रुमाल आठवले. आम्ही त्या वेळी जमिनीची दप्तरे वाशिमला आणली. ही एक बुलेट मागे राहिली होती, ती आता येत होती.

खरा वाद झाला तो वाशिमला, पुसद नाक्याकडच्या आमच्या मिस्त्रीपाशी. उजव्या गिअरच्या बुलेटी हाताळणारे जे थोडे लोक उरले आहेत, त्यांतील हे एक, वयाने माझ्याएवढेच. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, गरुडापुढे थोडे थांबले आणि विचारले:

“पासिंग कधी हाये, साहेब?”

“ऑक्टोबरात.”

“मंग आता कायले खोलता? पासिंगच्या आदल्या दिशी जुनं सामान लावू, दुसऱ्या दिशी काढू. सारेच करतात.”

सारेच करतात हे मलाही ठाऊक होते. तपासणीपुरते मूळ वस्त्र नेसवायचे आणि कार्यालयाच्या फाटकाबाहेर पडताच पुन्हा सोंग चढवायचे, हा प्रकार पीकपाहणीच्या दिवशी बांधावर दुसऱ्याचे बैल आणून उभे करण्यापेक्षा निराळा नव्हे, आणि ते बैल मी पुष्कळ पाहिले आहेत. मी नकार दिला. मिस्त्रींना तो नकार माझ्या पूर्वीच्या खात्याचा दोष वाटला असावा. तथापि त्यांनी काम मनापासून केले. लांब पाइप उतरले, मूळचे चढले. पायदाने मागे आली. सायलेन्सर बदलला आणि म्हैस ज्याने दचकली तो आवाज जाऊन त्याऐवजी लांब पल्ल्याच्या ठोक्याचा, सत्तर मिलिमीटरच्या सिलिंडरात नव्वद मिलिमीटर धावणाऱ्या पिस्टनचा तो सावकाश नाद परत आला, ज्यासाठी लोक ही गाडी मुळात घेतात. क्रूझरचे राहिले ते दोन पदार्थ: हँडल, पण उंची खांद्याच्या खाली उतरवलेले, आणि काळ्या मूळ टाकीवर पेंटरकडून करवून घेतलेली एक मरून पट्टी. रंगबदलाचा अर्ज मी रीतसर दिला. हँडलविषयी निरीक्षकांनी तपासणीत ते दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिले, तारा ताणल्या जात नाहीत याची खातरजमा केली, एक भुवई उंचावली आणि पुढे गेले. पासिंग झाले. नवी सुरक्षित नंबरप्लेटही बसली.

दोघांचे आसन बसले त्या संध्याकाळी आमच्या सौभाग्यवती ओट्यावरून म्हणाल्या, “अहो, कार्डावर दोन लिहिले आहे म्हणून बसवलेत की मला बसवायचे म्हणून?” मी दोन्ही कारणे दिली. तेव्हापासून शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला, कारंज्याला गुरुमंदिरात, आणि एकदा पोहरादेवीपर्यंत आम्ही त्या गाडीवर गेलो. मंगरूळपीरच्या बाजूला शेलूबाजारपाशी समृद्धी महामार्ग आडवा येतो. नागपूरहून शिर्डीपर्यंत तो ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी पूर्ण ७०१ किलोमीटर. आमच्या जिल्ह्यातील कित्येकांची शेते त्यात गेली. सरळ, रुंद, न संपणारा. त्या लांब पाइपांना शोभेल असा आमच्या भागातला एकुलता एक रस्ता, आणि त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. पुलावर गाडी थांबवून खालची वाहने पाहताना मला त्या पुण्याच्या मिस्त्रीची कीव आली. त्याने गाडी बनवली ती याच रस्त्यासाठी.

गेल्या महिन्यात विकणारा तरुण अचानक दारात आला. ट्रॅक्टरचे हप्ते सुरळीत चालले होते. पुण्यातला एक मित्र आता गाडी बनवीत होता आणि त्याला ते लांब पाइप, ती टी-पट्टी आणि गरुडाची टाकी पाहिजे होती. ते सामान गच्चीवरच्या खोलीत, आता माझ्याच हस्ताक्षरातील चिठ्ठ्या लावून, ठेवलेले होते. ते माझ्या कामाचे नव्हते. पण यादीतली वस्तू पावतीखेरीज सोडणे मला जमत नाही. मी कागद काढला, तपशील लिहिला आणि मूल्याच्या रकान्यापाशी थांबलो. पाच हजारांहून अधिक किमतीच्या वस्तूच्या पावतीस एक रुपयाचे महसुली तिकीट लागते, घरातली तिकिटे संपली होती आणि पोस्ट बंद झाले होते. हे मी त्याला समजावून सांगितले.

“मंग काकाजी, चार हजार नऊशे लिहा ना,” तो म्हणाला.

मी लिहिले, आणि त्याने त्याखाली सही केली.